चाकाखालचे पटल : दाबविद्युत बहुवारिकांचे गुण आणि मर्यादा

सोलापुरातील सात रस्ता या चौकासारख्या, दिवसभर वाहनांचा भार सोसणाऱ्या रस्त्याखाली दाबाचे विजेत रूपांतर करणारा पदार्थ अंथरला, तर चौकातील दिवे त्या वाहनांच्या वजनावरच उजळतील, ही कल्पना विज्ञान प्रदर्शनांतील प्रतिकृतींतून आणि वृत्तपत्रांतील लेखांतून अनेक वर्षे मांडली जात आहे. कल्पनेमागचे भौतिकशास्त्र खरे आहे. पण तिचा हिशेब क्वचितच पूर्ण केला जातो, आणि तो केला नाही की या पदार्थांकडून जे मिळणे शक्य नाही त्याची अपेक्षा धरली जाते व जे उत्तम रीतीने मिळू शकते त्याकडे दुर्लक्ष होते. लवचीक, वजनाने हलकी आणि पटलाच्या रूपात हव्या त्या आकारात कापता येणारी दाबविद्युत बहुवारिके या गैरसमजाला विशेष बळी पडली आहेत.

काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या समोरासमोरच्या पृष्ठभागांवर विरुद्ध विद्युतभार प्रकट होतात, हे झाक आणि पिअर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. त्याच स्फटिकांवर विद्युतदाब लावला तर ते आकाराने किंचित बदलले पाहिजेत, असे गाब्रिएल लिपमान यांनी पुढच्याच वर्षी गणिताने सिद्ध केले आणि क्युरी बंधूंनी ते प्रयोगाने पडताळले. या दुहेरी गुणधर्माला दाबविद्युत म्हणतात. पदार्थातील धन आणि ऋण भारांची मांडणी सममितीच्या केंद्राभोवती तोललेली नसेल, तरच दाबाने त्यांची केंद्रे एकमेकांपासून सरकतात व भार दिसू लागतो. क्वार्ट्झमध्ये ही असममिती निसर्गतः असते, तर शिसे, झिर्कोनियम व टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांपासून बनवलेल्या आणि 'पीझेडटी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिरॅमिकमध्ये ती तीव्र विद्युतक्षेत्र लावून निर्माण केली जाते.

बहुवारिक म्हणजे एकाच प्रकारचे लहान रेणू साखळीने जोडले जाऊन तयार झालेला महारेणू. अशा मऊ आणि अर्धवट अस्ताव्यस्त पदार्थात स्फटिकांचा हा गुण सापडेल, अशी अपेक्षा दीर्घकाळ कोणी केली नव्हती. जपानी भौतिकशास्त्रज्ञ एइची फुकादा यांनी १९५५ मध्ये लाकडातील आणि १९५७ मध्ये यासुदा यांच्यासह हाडातील दाबविद्युत मोजून ही समजूत बदलली. लाकडातील परिणाम सेल्युलोजच्या रांगेने लागलेल्या तंतूंमुळे होता, आणि कापूसही सेल्युलोजच असल्याने, भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीच्या सुती धाग्यातही हा गुण अत्यल्प प्रमाणात असतो. उपयोगात आणण्याजोगा परिणाम मात्र कृत्रिम बहुवारिकात मिळाला. हेइजी कावाई यांनी १९६९ मध्ये पॉलिव्हिनिलिडीन फ्ल्युओराइड, म्हणजेच पीव्हीडीएफ, या बहुवारिकाचे ताणलेले आणि विद्युतक्षेत्रात ठेवलेले पटल बरेच तीव्र दाबविद्युत देते हे प्रसिद्ध केले, आणि आजही या वर्गातील बहुतेक उपकरणे त्याच पदार्थाची किंवा त्याच्या सहबहुवारिकांची, म्हणजे साखळीत दुसऱ्या प्रकारचे रेणूही मिसळलेल्या बहुवारिकांची, असतात.

पीव्हीडीएफच्या साखळीत एका कार्बन अणूला दोन हायड्रोजन आणि पुढच्याला दोन फ्ल्युओरीन अणू जोडलेले असतात. फ्ल्युओरीन इलेक्ट्रॉनांना स्वतःकडे ओढतो. म्हणून प्रत्येक घटकाची एक बाजू किंचित ऋण व दुसरी किंचित धन होते, म्हणजेच तो घटक एक द्विध्रुव बनतो. वितळलेले बहुवारिक सावकाश थंड केले की साखळ्या वळणे घेत अशा बसतात की शेजारच्या साखळ्यांचे द्विध्रुव एकमेकांना रद्द करतात. या अल्फा अवस्थेत दाबविद्युत मिळत नाही. पटल सुमारे ८० अंश सेल्सिअसला मूळ लांबीच्या चार-पाच पट ताणले, तर साखळ्या सरळ होतात, सर्व फ्ल्युओरीन एका बाजूला येतात आणि बीटा अवस्था तयार होते. कृत्रिम धागा काढताना त्याला बळकटी यावी म्हणून जी ताणण्याची क्रिया केली जाते, तीच येथे विद्युत गुणासाठी उपयोगी पडते. त्यानंतर पटलाच्या दोन्ही बाजूंना धातूचा पातळ लेप देऊन प्रत्येक मीटरमागे किमान ५ कोटी व्होल्ट इतके तीव्र क्षेत्र लावले जाते, ज्यामुळे निरनिराळ्या दिशांना तोंड केलेले द्विध्रुव एका दिशेला वळतात आणि क्षेत्र काढल्यावरही बव्हंशी तसेच राहतात. या प्रक्रियेला ध्रुवण म्हणतात. एवढे करूनही पदार्थाचा सुमारे निम्माच भाग स्फटिकरूप असतो. उरलेला अस्फटिक भाग पटलाला लवचीकता देतो, परंतु विद्युतभारात त्याचा थेट वाटा फारसा नसतो. बहुवारिकाचे गुण आणि उणिवा एकाच मुळातून फुटतात, याची ही पहिली खूण होय.

दाबविद्युत पदार्थाची तुलना करताना दोन गुणांक पाहावे लागतात. पहिला, ज्याला 'डी' म्हणतात, एक न्यूटन बल दिल्यावर किती विद्युतभार निघतो ते सांगतो आणि तो पिकोकुलोममध्ये, म्हणजे एका कुलोमच्या दशलक्षांशाच्या दशलक्षांश भागात, मोजला जातो. चिन्ह बाजूला ठेवले तर जाडीच्या दिशेने पीव्हीडीएफचा हा गुणांक २० ते ३३ असतो, तर पीझेडटीचा ३०० ते ६००. या एका आकड्यावरून बहुवारिक अगदीच दुबळे ठरते. दुसरा गुणांक 'जी', दिलेल्या दाबाने पटलात किती विद्युतक्षेत्र उभे राहते ते दाखवतो, आणि तेथे चित्र उलटते. निघालेला भार पदार्थाच्या विद्युत अपार्यतेने, म्हणजे दिलेल्या क्षेत्रात किती भार सामावून घेतला जातो त्या मापाने, भागला की 'जी' मिळतो. पीव्हीडीएफची सापेक्ष अपार्यता १२च्या आसपास आणि पीझेडटीची हजार ते तीन हजारांवर असल्याने, कमी भार देणारे बहुवारिक त्याच दाबाला सुमारे दहापट तीव्र क्षेत्र देते. थोडक्या भारातून मोठा विद्युतदाब देणारा पदार्थ संकेत वाचण्यासाठी सोयीचा, हा निष्कर्ष येथूनच निघतो.

पीव्हीडीएफचा जाडीच्या दिशेचा 'डी' गुणांक ऋण असतो, ही बाब बहुसंख्य सिरॅमिकांच्या उलट आहे आणि तिने संशोधकांना दीर्घकाळ गुंतवून ठेवले. एक स्पष्टीकरण असे, की द्विध्रुव स्वतः कठीण असतात पण त्यांच्यामधली जागा मऊ असते; पटल जाडीत दबले की तेच द्विध्रुव कमी जागेत येतात, त्यांची घनता वाढते, आणि पृष्ठभागावरचा भारही वाढतो. २०१६ मध्ये 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात क्ष-किरणांच्या साहाय्याने असे दाखवण्यात आले, की स्फटिक आणि अस्फटिक भागांचे परस्परांशी असलेले यांत्रिक नातेही या ऋण चिन्हाला कारणीभूत आहे. म्हणजे जो अस्फटिक भाग निष्क्रिय भासतो, तोही या व्यवहाराबाहेर नाही.

आता सात रस्त्याचा हिशेब मांडता येतो. मालवाहू वाहनाच्या टायरमधील दाब सुमारे ७ लाख पास्कल धरला आणि चाकाचा रस्त्याला टेकणारा भाग २० सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद मानला, तर त्यावर २८,००० न्यूटन, म्हणजे सुमारे पावणेतीन टनांहून थोडे अधिक वजन पडते. त्याखाली बाजारात मिळणारे ११० मायक्रॉन जाडीचे पीव्हीडीएफ पटल आहे आणि त्याचा 'डी' गुणांक ३० आहे, असे समजल्यास एका चाकामागे ०.८४ मायक्रोकुलोम भार निघतो व पटलाच्या दोन बाजूंमध्ये सुमारे २२ व्होल्टचा फरक पडतो. हा आकडा उत्साह वाढवणारा आहे, परंतु साठलेली ऊर्जा जेमतेम ९ मायक्रोज्यूल, म्हणजे एका ज्यूलच्या दशलक्षांशाची नऊपट, भरते. ९ वॅटचा एलईडी दिवा एक सेकंद पेटवण्यास ९ ज्यूल लागतात. याचा अर्थ, कोठेही गळती नाही असे गृहीत धरूनही, एका दिव्याच्या एका सेकंदासाठी १० लाख जड चाके त्या पटलावरून जावी लागतील. चाक उतरतानाचा उलटा भारही गोळा केला आणि उत्पन्न दुप्पट धरले, तरी निर्णय बदलत नाही.

पटल जाड का करू नये, हा प्रश्न येथे रास्त आहे, कारण ऊर्जा आकारमानाच्या प्रमाणात वाढते. अडचण ध्रुवणाची आहे. प्रत्येक मीटरमागे ५ कोटी व्होल्टचे क्षेत्र ११० मायक्रॉन जाडीच्या पटलासाठी साडेपाच हजार व्होल्टने साधते, पण एक मिलिमीटरच्या थराला ५० हजार व्होल्ट लागतात, आणि इतक्या तीव्र क्षेत्रात पदार्थातील एखादा बुडबुडा किंवा मळाचा कण ठिणगीला वाट करून देतो व पटल जळते. म्हणून व्यापारी पटले काही मायक्रॉनांपासून शंभर-सव्वाशे मायक्रॉनांपर्यंतच थांबतात. पातळ पटलांचे अनेक थर रचता येतात. मात्र प्रत्येक थराला स्वतंत्र लेप आणि जोडणी लागते, आणि खर्च पटलापेक्षा जोडणीवरच जास्त होतो.

याच संदर्भात आणखी एक आकडा पाहण्यासारखा आहे. सारख्या दाबाखाली दर घनमीटर पदार्थातून मिळणारी वीज 'डी' आणि 'जी' यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, आणि हा गुणाकार पीव्हीडीएफ व पीझेडटी या दोहोंसाठी जवळपास सारखाच येतो. फरक आहे तो चाकाकडून किती काम घेतले जाते यात. ताठरपणाचे माप असलेला यंग मापांक पीव्हीडीएफचा २ ते ४ गिगापास्कल, तर पीझेडटीचा ६०च्या आसपास असल्याने मऊ पटल सारख्या दाबाखाली सुमारे वीसपट अधिक दबते. वरील उदाहरणात चाक पटलाला सुमारे ३६० मायक्रोज्यूल यांत्रिक ऊर्जा देते आणि त्यातील ९ मायक्रोज्यूल म्हणजे अडीच टक्केच विजेच्या रूपाने परत येतात, तर उत्तम पीझेडटीत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते. या प्रमाणाच्या वर्गमूळाला विद्युतयांत्रिक युग्मन गुणांक म्हणतात. शिवाय पटल दाबण्यास लागलेली सगळी ऊर्जा वाहनाच्या इंधनातूनच येते. तेव्हा रस्त्याची वीज फुकट मिळते असे म्हणणे शास्त्राला धरून नाही.

हेच पटल दिव्यासाठी न वापरता वाहने ओळखण्यासाठी वापरले, तर तेच २२ व्होल्ट मोलाचे ठरतात, कारण इतका मोठा संकेत कोणत्याही वर्धकाशिवाय मोजता येतो. रस्त्यात आडवी अरुंद खाच पाडून बसवलेल्या पीव्हीडीएफच्या पट्ट्या अनेक देशांत वाहनांचे आस मोजण्यासाठी, दोन पट्ट्यांमधील वेळेवरून वेग काढण्यासाठी आणि चालत्या वाहनाचे वजन अंदाजण्यासाठी दीर्घकाळ वापरात आहेत. जड वाहतुकीने रस्ते खचतात अशा जिल्ह्यात, गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांचा भार मोजण्याची सोय किती उपयुक्त ठरेल, हे सोलापूरकरांना सांगण्याची गरज नाही.

पण येथेही पदार्थ आपली मर्यादा दाखवतो. दाबविद्युत पटल म्हणजे विद्युतदृष्ट्या एक धारित्र असते, आणि त्याच्यावर आलेला भार मोजणाऱ्या यंत्राच्या रोधातून सतत झिरपत राहतो. वरील पटलाची धारकता सुमारे ३९ नॅनोफॅरड आहे. यंत्राचा रोध १० लाख ओहम असेल, तर भार ओसरण्याचा काळ सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतका येतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चाकाची २० सेंटिमीटरची टेकण सेकंदाच्या पन्नासाव्या भागात सरकते, म्हणून त्याचा ठसा नीट उमटतो. चौकातील कोंडीत ताशी पाच किलोमीटरने सरकणाऱ्या चाकाचा संकेत मात्र चाक पुरते जाण्यापूर्वीच क्षीण होतो, आणि लाल दिव्याला पट्टीवर थांबलेली बस काही क्षणांत पट्टीच्या लेखी नाहीशी होते. रोध वाढवून हा काळ लांबवता येतो, शून्य वारंवारतेपर्यंत नेता येत नाही. स्थिर वजन मोजण्याचे काम म्हणूनच वजनकाट्यातील ताणमापकांकडे राहते, आणि सात रस्त्यासारख्या थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीपेक्षा महामार्गावरील अखंड ओघ या पट्ट्यांना अधिक मानवतो.

दुसरी मर्यादा उष्णतेची आहे, आणि सोलापुरात तिला डावलता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान ४२-४४ अंशांपर्यंत चढते तेव्हा उन्हातील डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांपलीकडे जातो. पीव्हीडीएफ १७० अंशांच्या पुढे वितळते खरे, परंतु ताणून सरळ केलेल्या साखळ्या त्याच्या बऱ्याच आधी आखडू लागतात. सुमारे ८० अंशांच्या पुढे पटल आकसते, द्विध्रुवांची शिस्त हळूहळू मोडते आणि गेलेले ध्रुवण थंड झाल्यावर परत येत नाही. तापमान त्या मर्यादेआत असले तरी पटलाचे गुणांक आणि त्याभोवतीच्या डांबराचा ताठरपणा दोन्ही बदलतात, त्यामुळे जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी तेच वजन वेगवेगळे वाचले जाते. तापमानाची नोंद घेऊन दुरुस्ती केल्याशिवाय अशा वाचनावर विसंबता येत नाही.

याशिवाय पीव्हीडीएफ उत्तापविद्युतही आहे, म्हणजे नुसते तापमान बदलले तरी त्याच्या पृष्ठभागांवर भार येतो. दर चौरस मीटरला व दर अंशाला हा भार सुमारे २५ मायक्रोकुलोम असतो. आपल्या चाकाएवढ्या पटलाचे तापमान एका अंशाने बदलले, तर एक मायक्रोकुलोम भार निघतो, जो पावणेतीन टनांच्या चाकाने दिलेल्या भारापेक्षा जास्त आहे. सावली पडली किंवा वळवाचा पाऊस तापलेल्या रस्त्यावर कोसळला, की पटलाला ते एखाद्या जड वाहनासारखे भासू शकते. हा बदल संथ असल्याने विद्युत गाळणीने वेगळा काढता येतो, पण गाळणी जितकी कडक तितकी संथ वाहनेही तिच्यातून गळून जातात. याच गुणाचा दुसऱ्या ठिकाणी फायदा होतो: माणसाच्या शरीराची उष्णता टिपणारे संवेदक पीव्हीडीएफपासून बनवता येतात.

उलट दिशेचा परिणाम, म्हणजे विजेने हालचाल घडवणे, या बहुवारिकांत आणखी तोकडा आहे. ११० मायक्रॉनच्या पटलाला ११०० व्होल्ट दिले, तर त्याची जाडी अवघी ३३ नॅनोमीटरने बदलते, आणि पदार्थ मऊ असल्याने ती हालचाल रोखायला थोडेसे बळ पुरते. मोठे पटल वक्र ताणून बसवले की ही सूक्ष्म हालचाल हवा हलवण्यास पुरेशी होते, म्हणून पायोनियर या जपानी कंपनीने १९७०च्या दशकात उच्च स्वरांच्या ध्वनिवर्धकांत ती वापरली. १९९८ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील संशोधकांनी पीव्हीडीएफच्या सहबहुवारिकावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून सुमारे ४ टक्के आकारबदल मिळवला. तो परिणाम काटेकोरपणे दाबविद्युत नसून विद्युतक्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असणारा विद्युतआकुंचनाचा आहे, आणि त्यासाठी दर मायक्रॉनला शंभराहून अधिक व्होल्टची किंमत मोजावी लागते.

मऊपणाचा निखळ लाभ पाण्यात आणि शरीरात होतो. ध्वनी एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना दोहोंचा ध्वनिरोध जितका वेगळा, तितका तो परततो. पाण्याचा किंवा ऊतींचा ध्वनिरोध दीडच्या आसपास, पीव्हीडीएफचा चार, तर पीझेडटीचा तीस मेगारेल असतो; त्यामुळे सिरॅमिकच्या उघड्या पृष्ठभागावरून ध्वनिऊर्जेचा चार-पंचमांश भाग माघारी फिरतो, पीव्हीडीएफवरून मात्र एक-पंचमांशच. सोनोग्राफीच्या यंत्रातील प्रोब सामान्यतः सिरॅमिकची असते, कारण तिला ध्वनी निर्माणही करायचा असतो. परंतु तिच्यातून निघणारा ध्वनी किती तीव्र आहे हे प्रयोगशाळेत तपासण्यासाठी पीव्हीडीएफच्या पातळ पटलाचे जलध्वनिग्राहक हे मान्यताप्राप्त साधन आहे.

यंत्रमाग आणि चादरींच्या शहरात सर्वांत जवळची वाटावी अशी शक्यता विणकामाची आहे. स्वीडनमधील चाल्मर्स तंत्रविद्यापीठातील अंजा लुंड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये आतून वाहक गाभा असलेले पीव्हीडीएफचे धागे वितळवून काढले, ताणले, ध्रुवित केले आणि वाहक धाग्यांबरोबर विणून त्यांचा पिशवीचा पट्टा बनवला. तीन किलो पुस्तके भरलेली पिशवी घेऊन चालताना त्यातून सुमारे ४ मायक्रोवॅट शक्ती मिळाली. कापड ओले झाल्यावर धाग्याशी विद्युतसंपर्क सुधारून उत्पादन वाढले, ही बाब घामाच्या हवामानात महत्त्वाची आहे. मागावर हे धागे चालतील. कस लागतो तो प्रत्येक धाग्याच्या गाभ्याला आणि बाह्य पृष्ठाला स्वतंत्रपणे जोडण्यात, आणि धुण्या-पिळण्यात ती जोडणी टिकवण्यात.

पीव्हीडीएफवर आणखी एक सावट आहे. फ्ल्युओरीनयुक्त दीर्घजीवी रसायने निसर्गात विघटित होत नाहीत, म्हणून जर्मनी, डेन्मार्क, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वीडन यांनी जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय रसायन संस्थेकडे त्यांच्यावरील व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव सादर केला, आणि त्याच्या कक्षेत फ्ल्युओरीनयुक्त बहुवारिकेही येतात. पर्यायांचा शोध त्यामुळे वेगावला आहे. पुण्याच्या आयसर या संस्थेत सेंद्रिय फेरोविद्युत क्षार, म्हणजे ज्यांचे ध्रुवण विद्युतक्षेत्राने उलटवता येते असे क्षार, साध्या लवचीक बहुवारिकांत मिसळून पटले बनवण्याचे काम झाले आहे, ज्यात लवचीकता एका घटकाकडून आणि विद्युत गुण दुसऱ्याकडून घेतला जातो.

दुसरा पर्याय पॉलि-एल-लॅक्टिक आम्लाचा आहे. साखर आंबवून मिळणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून ते बनते, तेव्हा ऊसपट्ट्याला त्यात रस असावा. त्याच्या साखळ्या मळसूत्री असल्याने नुसते ताणले की दाबविद्युत येते, ध्रुवणाची गरज पडत नाही, आणि ते उत्तापविद्युत नसल्याने तापमानाचा खोटा संकेतही देत नाही. मात्र त्याचा गुणांक दहा पिकोकुलोमच्या आसपासच थांबतो, तोही सरळ दाबाला प्रतिसाद देत नाही तर पटल तिरके खेचणाऱ्या बलाला देतो, म्हणून ते ताणाच्या दिशेशी ४५ अंशांत कापून वापरावे लागते. शिवाय ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडते. डांबराखाली त्याला जागा नाही. शरीराच्या ३७ अंशांत मात्र ते स्थिर राहते आणि कालांतराने निरुपद्रवी रीतीने विरघळते, या गुणावर अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये शरीरात बसवता येणारा आणि पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावा न लागणारा दाबसंवेदक तयार केला, जो ० ते १८ किलोपास्कल इतके हलके दाब, श्वासागणिक बदलणारे श्वासपटलाचे दाबही, टिपू शकतो.